बारा घरांचं एकच खातं

निकाल लागला तेव्हा मालन राऊत वाडीत केळीची वाळकी पानं उतरवत होती. तिची सून नेत्रा उघडा लॅपटॉप हातात धरून पाटाच्या कडेकडेने आली. चप्पल चिखलात गेली तरी थांबली नाही.

"आई, निकाल आला."

"मग एवढी धावतेस कशाला? बारा विरुद्ध अकरा. मी कालच सांगून ठेवलंय."

"भरावं, बारा." नेत्राचा आवाज खाली गेला. "राखावं, शून्य. मत न दिलेले अकरा."

मालनने कोयता खोडाला टेकवला. पदराने तोंड पुसलं. पुन्हा विचारलं, "किती म्हणालीस?"

"शून्य."

"शून्य कसं? धरून चाल, माझ्या अकराही बायका दुपारी घोरत पडल्या. पण माझं एक मत? मी सकाळी आठला तुझ्या डोळ्यांदेखत दाबलं ना? ते काय डुकराने खाल्लं?"

नेत्राने लॅपटॉप मिटला आणि ती घराकडे वळली. मालन तिच्या पाठोपाठ निघाली. साठी उलटून सहा वर्षं झाली होती, पण वाडीतून चालताना सून मागे पडावी अशी तिची चाल. आज मात्र दोघींत दहा पावलांचं अंतर राहिलं.

मत होतं बावखलावर. गिरीजच्या त्या आळीच्या तोंडाशी गोड्या पाण्याचं एक बावखल आहे. म्हणजे होतं. तळं म्हणायला लहान, डबकं म्हणायला मोठं. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि जमिनीत मुरून आळीतल्या विहिरी गोड ठेवायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर. बावखल गेलं की दोन उन्हाळ्यांत विहिरीत खारं पाणी शिरतं, हे भुईगावच्या वाटेवरच्या वाड्यांनी बघितलं होतं. तिथे आता केळीच्या जागी नुसती कुंपणं उरलीत. मालनची सव्वा एकर वाडी, राजेळी केळी, खालची पालेभाजी, मागची नारळाची रांग, सगळं त्या पाण्यावर उभं होतं. नवरा गंगाराम गेला तेव्हा मुलगा मयूर नऊ वर्षांचा होता. त्याला वाढवलं, शिकवलं, तारापूरच्या कंपनीत लावलं, ते त्याच पाण्यावर.

बावखलाचे हिस्सेदार तेवीस. बारा घरं अजून आळीत राहणारी, वाडी करणारी. उरलेले अकरा हिस्सेदार कधीच विरारच्या, नालासोपाऱ्याच्या, कोणी पुण्याच्या इमारतींत गेलेले. त्यांचा पुढारी कल्पेश. त्याचं म्हणणं, बावखलाच्या कडेने जेमतेम स्कूटर जाते, ते भरून रस्ता काढा, सणासुदीला आलो तर गाडी दारात लागेल. मालनचं म्हणणं, तुझी गाडी नाक्यावर लाव आणि पोट सुटलंय ते घेऊन चालत ये.

तेवीसजण एका जागी येणं जमेना. म्हणून मंडळाचा अध्यक्ष गुरुदत्त म्हणाला, मत वेबसाइटवर घेऊ. मंडळाची वेबसाइट नेत्रानेच बनवलेली. अंधेरीच्या कंपनीत ती हेच काम करायची. घराला एक मत, कोणी काय दिलं ते गुप्त, संध्याकाळी पाचपर्यंत बदलायची मुभा. प्रत्येक हिस्सेदाराला नाव आणि पासवर्ड दिला.

आणि तिथेच मालनने पाय घातला होता.

"पासवर्ड?" ती तेव्हा म्हणाली होती. "मोठं अक्षर, लहान अक्षर, मध्ये आकडा, वर ती काय शेपटी? अगं, माझ्या आळीतल्या बायकांना रेशनचा नंबर आठवत नाही. अकरा जणी पासवर्डाशी अडल्या की गेलं बावखल. ते दुसरं बटण ठेव. तुमच्या त्या भाजीच्या ॲपमध्ये असतं. गूगलचं. दाबलं की आत."

"ते जोडता येईल, आई. पण त्याला प्रत्येकीच्या फोनमध्ये मेलचं खातं लागतं."

"आहे की."

"अकराही जणींच्या?"

"अकराही. माझ्यासमोर घातलंय. खोटं सांगते का मी?"

नेत्राने दोन दिवसांत ते बटण जोडलं. तपासायला तिने स्वतःचा फोन घेतला, मयूरचा घेतला, मालनचा घेतला. तिन्ही चालले. शेजारच्या घरी जाऊन तपासावं असं तिला वाटलं नाही, कारण सासूने एकदा आहे म्हटल्यावर या घरात कोणी पुन्हा विचारत नसे.

आता ती ओटीवर बसून पडद्यावर बोट फिरवत होती आणि मालन तिच्या डोक्यावर उभी होती.

"आई, आळीतल्या फोनमध्ये खाती कोणी उघडली?"

"रोनाल्डने. नाक्यावरच्या."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? माझं."

नेत्राने मान वर केली.

दोन वर्षांमागची गोष्ट. दिवाळीच्या आधी मालन अकरा बायका घेऊन रोनाल्डच्या मोबाईलच्या दुकानात शिरली होती. एकाच जातीचे बारा फोन, एकाच भावात, आणि वर बारा कव्हरं फुकट. रोनाल्ड घासाघिशीने आधीच अर्धा झालेला. तो म्हणाला, "आंटी, आता प्रत्येकीचं खातं उघडावं लागेल. एकेकीला वीस मिनिटं धरा." मालनचं खातं मयूरने आधीच काढून दिलेलं होतं. ती म्हणाली, "कशाला? माझंच घाल सगळ्यांत. बारा पासवर्ड कोण सांभाळणार, तू?" रोनाल्ड म्हणाला, "मग सगळ्यांचे नंबर एकमेकींत जातील." "जाऊ देत की. आमच्या आळीत कोणाचं कोणापासून काय लपलंय?" मग रोनाल्ड एकेक फोन उघडत गेला, आणि दर वेळी मालनच्या हातातला फोन थरथरून विचारायचा, हे तुम्हीच आहात का? मालन म्हणायची, हो. अकरा वेळा विचारलं, अकरा वेळा तिने हो दाबलं. शेवटी शेवटी तर वाचायचंही सोडलं.

नेत्राने सगळं ऐकून घेतलं. मग तिने सासूला समजेल असं सांगितलं.

"आपली वेबसाइट स्वतः कोणाला ओळखत नाही, आई. ती गूगलला विचारते, दारात कोण आहे? गूगल म्हणतं, अमक्या मेलची बाई. मग वेबसाइट वहीत बघते, या मेलचा हिस्सा कुठला. पहिल्यांदा आली असेल तर हिस्सा नंबर विचारून लिहून ठेवते. एकदा लिहिलं की पुन्हा विचारत नाही. सरळ आत घेते."

"बरं. मग?"

"तुम्ही आठ वाजता पहिल्या गेलात. हिस्सा सात, मालन राऊत. त्यानंतर आळीतली जी जी बाई आली, ती वेबसाइटच्या लेखी मालन राऊतच आली. अकरा घरं वेबसाइटने पाहिलीच नाहीत."

"आणि एकीलाही कळलं नाही? वर माझं नाव दिसलं असेल ना?"

"दिसलं असणार. पण पंपाचं बिल तुमच्या नावाने येतं. दादरला भाजी तुमच्या नावाने जाते. गणपतीची पावतीसुद्धा तुमच्या नावाने फाटते. त्यांना काय वेगळं वाटणार?"

मालनला यातली शेवटची ओळ आवडली आणि आवडली म्हणून तिला स्वतःचाच राग आला. ती खाली बसली.

"ठीक. बारांचं एक झालं. पण ते एक तरी राखावं असायला हवं. शून्य कुठून आलं?"

नेत्राने पडदा उगाच खालीवर सरकवला. तिला उत्तर माहीत होतं, आणि माहीत आहे हे मालनलाही दिसत होतं.

"बोल. तोंडात गूळ धरलायस का?"

"मत बदलता येत होतं ना. ज्या बाईने आत जाऊन बघितलं की राखावं आधीच दाबलेलं आहे आणि तिलाही तेच हवं होतं, ती तशीच बाहेर आली. जिला ते नको होतं तिने बदललं." तिने पडदा सासूकडे फिरवला. "ही वेळेची नोंद. आठ दहा, राखावं. हे तुमचं. नऊ पन्नास, भरावं. दहा वीस, कोणीतरी परत राखावं. बारा पाच, भरावं. दीड, राखावं. दोन चाळीस, भरावं. सव्वातीन, राखावं. चार बावन्न, भरावं. पाचला बंद झालं."

मालन त्या रांगेकडे बघत राहिली. तिला आकडे वाचता येत होते. चौथीपर्यंत शाळा झालेली, आणि बाजारात तिला कोणी एका पैशाला फसवलेलं नव्हतं.

"कोण?"

"ते नाही कळत. सगळे फोन एकाच जातीचे, खातं एक."

"चार जणी."

"चार तरी असाव्यात. आई, चूक माझी आहे. मी तपासायला हवं होतं. मी गुरुदत्तकाकांना आजच लिहिते की मतदान रद्द करा, मी प्रत्येकीला वेगळं खातं काढून देते, पंधरा दिवसांनी पुन्हा घेऊ. पण तोवर..." ती थांबली. "तोवर तुम्ही एकेकीच्या घरी जा. विचारा, काय अडलंय. मंदाकाकूंकडे आधी जा."

मंदाचं नाव निघालं तशी मालन उठून ओटीच्या कडेला गेली.

मंदाचं घर आळीच्या अगदी आतल्या टोकाला. मागल्या वर्षी गौरींच्या दिवसांत तिचा नवरा देवेंद्र पहाटेचा छाती धरून बसला. ॲम्ब्युलन्स आली ती बावखलाच्या वळणापर्यंत. पुढे वाट नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी त्याला उचललं. दोनशे पावलं. वळणावर पोचेपर्यंत खुर्चीत देवेंद्र नव्हता, त्याचं नुसतं अंग होतं. दहाव्याला बायका जमल्या तेव्हा मंदा रडत रडत म्हणाली, गाडी दारात आली असती तर. आणि मालन सगळ्यांसमोर म्हणाली, "दोनशे पावलांनी कोणी मरत नाही गं. त्याचे दिवस भरले होते." तिने ते धीर द्यायला म्हटलं होतं. निदान तिची तशी समजूत होती.

"मी मंदाकडे जाऊ?" मालन म्हणाली. "विनवायला?"

"विचारायला."

"एकच आहे ते."

तरी ती गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी राजेळीची एक फणी पदराखाली घेतली आणि आळीच्या टोकाला चालत गेली. मंदा मागच्या अंगणात नारळ सोलत होती. पहारीवर नारळ आपटून एका झटक्यात सोडण काढायची तिची हातोटी होती. मालनला बघून ती उठली.

"या मालनबाय. बसा."

मालन बसली नाही. तोंडात शब्द तयार होते. मंदा, तू काय दाबलंस? एवढंच विचारायचं होतं. घरून येताना तिने ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं होतं. पण तिची नजर अंगणाच्या कडेला गेली, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"केळीला करपा लागलाय तुझ्या. पानं बघतेस की नाही? देवेंद्र असता तर असं होऊ दिलं असतं का?"

मंदाने हातातला नारळ खाली ठेवला. "बघते," म्हणाली.

"बघते काय? आजच्या आज कापून जाळ. आमच्याकडे येईल."

"हो."

"आणि पाणी कमी घाल."

"हो, मालनबाय. च्या ठेवू?"

"मला कामं आहेत."

फणी पदराखालीच राहिली. वाटेत एका गाईपुढे तिने ती टाकली. आळीतल्या दुसऱ्या कोणत्याही दारात ती गेली नाही.

घरी नेत्रा वाट बघत होती. मालन पाय धुताधुता म्हणाली, "गुरुदत्तला सांग, फोनवर नको. सभा लाव. आणि चिठ्ठ्याही नकोत. उघड हात वर."

"आई, नको."

"का नको?"

"चार जणींनी बदललंय. गुप्त असलं तर आपण समजावू तरी शकतो. उघड्यावर एकदा हात वर गेला की तो खाली येत नाही."

"माझ्यासमोर वर जातो का ते मला बघायचंय. फोनाच्या आडून कोणीही शूर होतं. तोंडावर ये म्हणावं."

आठ वर्षांच्या संसारात नेत्राने सासूला उलट उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशीही दिलं नाही. फक्त म्हणाली, "तुम्हाला भीती वाटत नाही?"

"कसली?"

"की त्या खरंच येतील तोंडावर."

सभा मारुतीच्या देवळामागच्या मांडवात, रविवारी सकाळी दहाला. मे महिना सुरू झालेला, पत्रा तापलेला. नालासोपारा-विरारवाले नाक्यावर गाड्या लावून चालत आले, आणि मालनने प्रत्येकाच्या बुटावरची धूळ समाधानाने बघितली. पुण्याचे दोघेही आले. आळीतल्या बायका सतरंजीवर एका बाजूला बसल्या. मालन पुढे. मंदा मागच्या खांबाशी.

गुरुदत्त उभा राहिला. साधा माणूस. शाळेत शिक्षक होता, सगळ्यांशी सारखं बोलायचा. म्हणाला, "मागचं मतदान तांत्रिक कारणाने रद्द केलंय."

कल्पेश हसला. "तांत्रिक म्हणजे काय, सर? सुनेने बटण लावलं आणि सासूचंच मत उडालं. आमच्या ऑफिसात असं केलं असतं तर घरी बसवलं असतं."

नेत्राची मान खाली गेली. मालन जागेवरून उठली.

"ए कल्पेश. सुनेचं बटण चोख होतं. फोनाने मला अकरा वेळा विचारलं, बाई ही तूच का? मी अकरा वेळा हो म्हटलं. चुकलं असेल तर माझं. तिच्या कामाला नाव ठेवायचं नाही. तुला तर घरातला पंखा लावायला माणूस बोलवावा लागतो."

मांडवात हशा पिकला. बायकाही हसल्या. मालनला वाटलं, झालं, सतरंजी आपल्या बाजूची आहे.

"मत देण्याआधी कोणाला बोलायचंय?" गुरुदत्तने विचारलं.

"मी बोलते," मालन म्हणाली, आणि ती बोललीही चांगली. बावखल गेलं की विहीर कशी खारते, आधी पालेभाजी जाते, मग केळ, नारळ टिकतो पण पाणी मचूळ होतं. तिने भुईगावच्या वाटेवरच्या तीन वाड्यांची नावं घेतली. "कल्पेशला वर्षातनं दोनदा गाडी लावायला जागा हवी, म्हणून बाराही घरांनी टँकरचं पाणी प्यायचं. हे कबूल असेल त्याने हात वर करावा, माझ्याकडे बघून."

ती खाली बसली. गुरुदत्त म्हणाला, "आधी भरावं. ज्यांचं मत भरावं, त्यांनी हात वर."

अकरा हात वर गेले. ते ठरलेलेच होते. मालनने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तिने अंग वळवलं आणि सतरंजीकडे तोंड केलं, जशी शाळेतली बाई वर्गाकडे करते.

कोणी हललं नाही.

मग खांबाशी मंदाचा हात वर गेला. कोपरात वाकलेला नाही. सरळ.

"मंदा," मालन म्हणाली. एवढंच.

मंदा हात खाली न घेता उठली. तिचं माहेर मिठागराकडचं, बोलताना ते अजून जिभेवर यायचं. "पानी खारं होईल हे मला ठाऊक हाय, मालनबाय. मी खाऱ्या पान्याच्या गावातली. पानी विकत घेईन. दुसरा देवेंद्र विकत मिलत नाय."

"त्याचा आणि बावखलाचा काय..."

"दोनशे पावलं हायत. मी मोजलीत. तुमी मोजली नाय. मी रोज मोजते." तिचा आवाज चढला नाही. "तुमी परवा आलता. मला वाटलं, इचारायला आलात. मी च्याचं पानी ठेवनार होते. तुमी करप्याचं बोललात."

मालनच्या तोंडाशी एक उत्तर आलं. नेहमीसारखं धारदार, तयार. आयुष्यात पहिल्यांदा ते तिने गिळलं, आणि गिळताना त्याची धार तिलाच लागली.

मंदाच्या पुढे बसलेल्या एकीने हात वर केला. तिच्या सुनेला सहावा महिना चालू होता. मग तिच्या शेजारणीने. तिचा म्हातारा सासरा दोन वर्षं अंथरुणावर. मग एक हात अर्धा वर गेला, मालनशी नजरानजर झाली तसा खाली आला, आणि पुन्हा पूर्ण वर गेला. मग अजून एक.

"पाच," गुरुदत्त हळूच म्हणाला. "अकरा आणि पाच, सोळा."

नेत्राच्या नोंदीपेक्षा एक जास्तच.

"राखावं?"

मालनचा हात वर गेला. सतरंजीवर अजून सहा गेले. त्यातल्या दोघींचे डोळे भरून आलेले, आणि दोघीही मालनकडे नाही, मंदाकडे बघत होत्या.

गुरुदत्तने वहीत लिहिलं. कल्पेश उठून टाळ्या वाजवणार होता, पण मांडवात कोणीच आवाज केला नाही तसा तोही बसून राहिला. बाहेर पडताना तो मालनजवळ आला. "काकी, वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट वाटायला तू कोण माझा?" मालन म्हणाली. "हो बाजूला."

घरी जाताना नेत्राने तिचा हात धरला. मालनने तो सोडवून घेतला नाही. आळीच्या मध्यावर आल्यावर ती म्हणाली, "त्या पहिल्या वेळी, खाती वेगळी असती तरी मी हरलेच असते ना?"

नेत्राने खोटं बोलायचा विचार केला असावा. "हो," ती म्हणाली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस सरळ?"

"सांगितलं होतं, आई. मंदाकाकूंकडे जा म्हटलं होतं."

पुढच्या आठवड्यात नेत्राने आळीत फिरून अकराही फोनमधून मालनचं खातं काढलं आणि प्रत्येकीचं स्वतःचं उघडून दिलं. खात्याबरोबर साठवलेले नंबरही गेले. पुढे चार दिवस बायका एकमेकींच्या दारात जाऊन नंबर विचारून लिहून घेत होत्या. मालनच्या दारात कोणी आलं नाही. तिचा नंबर सगळ्यांना तोंडपाठ होता, असं नेत्रा म्हणाली. मालनने ते खरं मानून घेतलं.

डंपर वीस मेला आले. नाक्यावरून मागे मागे येत वळणाशी उभे राहायचे, आणि लाल माती बावखलात सोडायचे. उन्हाळ्याने पाणी आधीच तळाला गेलेलं. पहिल्या दिवशी ते गढूळ झालं, दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात ढकललं गेलं. आळीतल्या बायका पाट्या, पातेली, जुन्या साड्यांची झोळी, मिळेल ते घेऊन उतरल्या, कारण त्या उरल्या कोपऱ्यात मासे एकमेकांवर चढत होते. आरडाओरडा, हसणं, चिखल. कोणीतरी मोठी मरळ धरली आणि ती हातातून निसटून दुसरीच्या अंगावर गेली. आवाज मालनच्या वाडीपर्यंत येत होता.

ती गेली नाही. ओटीवर बसून लसूण सोलत राहिली.

दुपारी मंदा आली. पाय गुडघ्यापर्यंत मातीने भरलेले, हातात झाकलेलं पातेलं. पायरीखालीच उभी राहिली.

"मरळ हाय. जिती हाय अजून. ठेवू?"

मालनने सोललेल्या पाकळ्या एका बाजूला केल्या. डंपर मागे येताना पीं पीं करत होता.

"साफ केलीस?"

"नाय."

"ठेव."

मंदाने पातेलं पायरीवर ठेवलं आणि गेली. बस म्हणावं असं मालनच्या मनात आलं, पण ती वळणापर्यंत गेलेली होती.

मालनने विळी घेतली, मागल्या दारी राखेचं भांडं घेतलं आणि मासा पकडून त्याच्या डोक्यात घाव घातला. मरळ चिवट. दोन घाव सोसून तिसऱ्याला थंडावली. तिने खवलं काढली, पोट उभं चिरलं, आणि आतून पिवळी, भरगच्च, दोन्ही बाजूंनी तटतटलेली गाभोळी बाहेर आली. ओंजळभर. पाऊस पडला की पाण्यात सोडायला ठेवलेली अंडी.

ती ओंजळ घेऊन उकिडवी बसून राहिली. आतून नेत्राने विचारलं, "आई, तेल तापवू का?"

"तापव," मालन म्हणाली.